लहान कॅमेऱ्याची कैफियत

पक्षिनिरीक्षणाचा नाद नव्याने लागलेला एखादा गृहस्थ, मग तो श्रीगोंद्याचा शाळामास्तर असो, कर्जतचा तलाठी असो वा राहुरीकडचा ऊसबागाईतदार असो, जेव्हा जाणत्या मंडळींच्या बैठकीत ‘मी कॅमेरा कोणता घेऊ?’ असा सरळ प्रश्न विचारतो, तेव्हा त्याच्या पदरात बहुधा एकच ठरीव निवाडा पडतो. पक्ष्यांची छायाचित्रे काढायची असतील तर बदलत्या भिंगांचा मोठा कॅमेरा घ्यावा आणि त्याला सहाशे मिलिमीटरचे भिंग लावावे. तेवढी ऐपत नसेल तर दुर्बिणीवर समाधान मानावे. केवळ आठवणीपुरते चित्र हवे असेल तर खिशातला मोबाईल आहेच. परंतु ज्याचे भिंग अंगालाच जडलेले असते आणि आतबाहेर सरकून दूरचे जवळ आणते, असा लहान झूम कॅमेरा मात्र चुकूनही घेऊ नये, कारण ते ना धड एक ना धड दुसरे असे यंत्र असून त्यात घातलेला पैसा वाया जातो, असा त्या निवाड्याचा मथितार्थ असतो. हा निवाडा देणाऱ्यांच्या अनुभवाविषयी मला आदर आहे आणि त्यांच्यापैकी कित्येकांच्या चित्रांवरून मी पक्षी ओळखायला शिकलो आहे. तथापि ज्या जिल्ह्याचे सरकारी नाव आता अहिल्यानगर झाले आहे आणि ज्याला आम्ही सवयीने नगरच म्हणतो, त्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर हा निवाडा वस्तुस्थितीला धरून नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मी येथे सकारण मांडणार आहे.

प्रतिपक्षाचे जे म्हणणे खरे आहे ते आधी मान्य करणे हा वादाचा पहिला शिष्टाचार होय. लहान झूम कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही पट्टी, म्हणजे ज्याला आपण सेन्सर म्हणतो ती, बहुतेक नमुन्यांत सव्वासहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच, म्हणजे अवघ्या अठ्ठावीस चौरस मिलिमीटरांची असते. मोठ्या कॅमेऱ्यातील पूर्ण आकाराची पट्टी ८६४ चौरस मिलिमीटरांची असते. हे प्रमाण तीसपटीचे आहे. प्रकाश कमी पडला की लहान पट्टीवरचे चित्र रवाळ होते, पिसांतले बारकावे पुसले जातात आणि रंग मळकट दिसू लागतात. अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या दाट झाडीत, श्रावणातल्या धुक्यात, पानांच्या आड बसलेल्या पक्ष्यापुढे हा कॅमेरा हात टेकतो, हे मी नाकारीत नाही. तेथे ज्याला उत्तम चित्र हवे आहे त्याने मोठे भिंगच वाहून न्यावे.

परंतु अकोले म्हणजे नगर जिल्हा नव्हे. पश्चिमेचा तो डोंगराळ, पावसाने भिजणारा पट्टा ओलांडून आपण पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे उतरू लागलो, की पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड, पाथर्डी हा सारा मुलूख पर्जन्यछायेत पसरलेला दिसतो. पाऊस थोडा, माती उथळ, झाडे विरळ, कुसळी गवताचे माळ क्षितिजापर्यंत उघडे आणि वर्षातील बहुतेक दिवस आकाश निरभ्र. या माळावरचे पक्षी झाडीत लपत नाहीत. ते उघड्यावर बसतात आणि मातीच्या रंगात मिसळून जाऊन आपले रक्षण करतात. चंडोल, डोंबारी, तीरचिमणी, पखुर्डी, माळटिटवी, धाविक या साऱ्यांची हीच रीत आहे. येथे प्रकाशाचा तुटवडा नाही. येथे तुटवडा आहे तो सान्निध्याचा, कारण आडोसा नसलेल्या माळावर माणूस दुरूनच दिसतो आणि पक्षी त्याला आपल्या ठरलेल्या अंतराच्या आत येऊ देत नाही. म्हणजे लहान कॅमेऱ्याचे जे वैगुण्य, अंधारातील दुर्बलता, ते या भूमीत क्वचितच आड येते, आणि त्याचा जो गुण, थोड्या वजनात दूरवरचे आणण्याची शक्ती, तोच येथे नित्य लागतो. सह्याद्रीच्या जंगलातील अनुभवावरून दिलेला निवाडा कर्जतच्या माळावर लागू करणे हा अधिकारक्षेत्राबाहेरचा निवाडा होय.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हौशी निरीक्षकाला चित्र कशासाठी हवे असते? प्रतिपक्षाने हे गृहीतच धरले आहे की ते भिंतीवर टांगण्यासाठी किंवा स्पर्धेत पाठवण्यासाठी हवे असते, आणि हे गृहीत सोडले की त्याचा अर्धा युक्तिवाद गळून पडतो. माझ्या मते हौशी निरीक्षकाला चित्र हवे असते ते साक्षीसाठी. दख्खनच्या पक्ष्यांची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा ज्यांनी केली त्या कर्नल साइक्स यांनी, मुंबई सरकारच्या वतीने या मुलखाची सांख्यिकी पाहणी करीत असता जमवलेल्या पक्ष्यांची यादी १८३२ साली प्रसिद्ध केली. माळावरचा एक लहान तुरेवाला चंडोल आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. पुढे अमेरिकन मिशनचे रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक यांनी, ज्यांचे दीर्घ वास्तव्य याच जिल्ह्यात झाले आणि ज्यांचे नाव दक्षिणेतील पळणीच्या डोंगरातल्या एका पक्ष्याला मिळाले, खंडाळा, महाबळेश्वर व बेळगाव या परिसराबरोबर नगरजवळ मिळवलेल्या पक्ष्यांची यादी १८७६ साली अ‍ॅलन ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली. या थोर माणसांचा पुरावा काय होता? बंदुकीने टिपलेला पक्षी आणि पेंढा भरून जपलेले त्याचे कातडे. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता, म्हणून त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. पण त्यांनी पाळलेला दंडक, की नुसत्या पाहणाऱ्याच्या शब्दावर नोंद करू नये, तिच्यामागे तपासता येईल असा दाखला असावा, हा आजही तितकाच खरा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदूक गेली, आणि गेली हे उत्तम झाले. परंतु दाखल्याची गरज गेली नाही. ती जागा आता छायाचित्राने घेतली आहे, आणि दाखला म्हणून चित्र सुंदर असण्याची गरज नाही. ते निःसंशय असले म्हणजे झाले.

हा भेद किती महत्त्वाचा आहे हे ज्याने हिवाळ्यात माळावर भोवत्ये पाहिले आहेत त्याला सांगावे लागत नाही. मध्य आशियातून येणारे हे शिकारी पक्षी गवताच्या शेंड्यांवरून संथपणे तरंगत जातात, आणि त्यांतल्या पांढुरक्या भोवत्याची मादी व माँटेग्यूच्या भोवत्याची मादी यांतला फरक गालावरच्या डागामागे जाणाऱ्या फिकट पट्टीच्या ठळकपणात आणि पंखाखालच्या आतल्या पिसांच्या गडदपणात दडलेला असतो. पक्षी समोरून जाण्यास जो अवधी लागतो तेवढ्यात या खुणा पाहायच्या, लक्षात ठेवायच्या आणि घरी येऊन पुस्तकाशी ताडायच्या, हे तज्ज्ञाला जमते. हौशी माणसाची स्मृती मात्र पुस्तकातील चित्र पाहिल्याबरोबर त्या चित्राशी सहमत होते, आणि आपण जे पाहिले नाही ते पाहिल्याची खात्री तिला वाटू लागते. घाटमाथ्याकडचा मलबारी चंडोल आणि माळावरचा साइक्सचा चंडोल यांची गोष्टही हीच. पहिल्याच्या छातीवर गडद रेघोट्या भरपूर व पोट पांढरे, दुसऱ्याच्या छातीवर त्या मोजक्या व पोट तांबूस, आणि दोघांच्या डोक्यावर तुरा सारखाच. येथे एक बऱ्यापैकी चित्र शंभर शपथांहून अधिक मोलाचे आहे.

‘मग दुर्बीण काय वाईट?’ असे विचारले जाते. दुर्बीण मुळीच वाईट नाही; किंबहुना ज्याच्याकडे एकाच वस्तूपुरते पैसे आहेत त्याने आधी दुर्बीण घ्यावी, असेच मी म्हणेन, कारण पक्षी शोधणे, त्याचे वागणे पाहणे, त्याच्या हालचालीवरून त्याची ओळख बांधणे हे सारे दोन डोळ्यांनी आणि विस्तृत दृष्टिक्षेत्रानेच साधते. पण दुर्बीण दाखवते, जपून ठेवीत नाही. दुर्बीण आणि कॅमेरा या वस्तू एकमेकींच्या सवती नाहीत. मोठ्या कॅमेऱ्याची अडचण अशी की भिंगच सुमारे दोन किलोचे. त्यात कॅमेऱ्याचे वजन आणि वर दुर्बीण. दोन्ही गळ्यात घालून माळावर तीन तास चालणारा हौशी माणूस मला अजून भेटायचा आहे. दोहोंतले एक घरी राहते, आणि अनुभव असा की राहते ती दुर्बीण. म्हणजे मोठ्या कॅमेऱ्याचा सल्ला मानणारा मनुष्य पक्षिनिरीक्षक व्हायला निघतो आणि छायाचित्रकार होऊन परततो. लहान कॅमेरा खिशातला असेल तर तीनशे ग्रॅमचा, खांद्यावरचा असेल तर बहुधा सहाशे ग्रॅमपासून किलोभराच्या आसपासचा. दुर्बिणीच्या जोडीला तो सुखाने नांदतो.

मोबाईलचा मुद्दा थोडक्यात आटोपतो, कारण तो त्रैराशिकाचा आहे. धाविक हा सुमारे तेवीस सेंटिमीटर लांबीचा पक्षी चाळीस मीटरांवर उभा आहे असे धरू. साध्या मोबाईलच्या मुख्य भिंगातून घेतलेल्या बारा मेगापिक्सेलच्या चित्रात तो चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम सतरा-अठरा बिंदूंचा येतो. पाचपट जवळ आणणारे भिंग असलेल्या महागड्या मोबाईलात ऐंशीच्या आसपास. कॅननच्या एसएक्स-७४० सारख्या खिशात मावणाऱ्या चाळीसपट झूमच्या कॅमेऱ्यात तोच धाविक आठशे बिंदूंहून मोठा येतो, आणि एसएक्स-७० सारख्या पासष्टपट झूमच्या कॅमेऱ्यात साडेअकराशेहून अधिक. अठरा बिंदूंत पक्षी आहे एवढेच कळते. आठशेंत डोळ्यावरची पांढरी व काळी पट्टी दिसते, आणि धाविकाची तीच ओळख आहे. पडद्यावर दोन बोटे फाकवून जे मोठे होते ते बिंदूच मोठे होतात. नवी माहिती त्यातून निर्माण होत नाही.

येथवर माझा वाद लहान कॅमेऱ्याला कमी लेखणाऱ्यांशी होता. पण त्याला अवास्तव मोठा करून विकणाऱ्यांशीही माझा तितकाच वाद आहे, कारण वरच्या निवाड्याला बळ मिळते ते त्यांच्यामुळेच. दुकानात गेलेल्या गिऱ्हाइकाला झूमचा आकडा सांगितला जातो, पन्नासपट, त्र्याऐंशीपट, सव्वाशेपट, आणि जो आकडा मोठा तो कॅमेरा थोर असे त्याच्या मनावर ठसवले जाते. मग तो घरी येऊन भर दुपारी अर्ध्या मैलावरच्या पक्ष्यावर तो आकडा अजमावतो, हाती धुरकट, थरथरते चित्र येते, आणि तो आयुष्यभर सांगत फिरतो की लहान कॅमेरे कुचकामी असतात. दोष कॅमेऱ्याचा नसतो. फाल्गुनात दहाच्या पुढे माळाची जमीन तापली की तिच्यावरच्या हवेचे कमीजास्त घनतेचे थर सळसळू लागतात, प्रकाशकिरण त्यांतून वाकत येतात, आणि हे वाकणे भिंग जितके दूरचे आणील तितके अधिक मोठे होऊन दिसते. लाखो रुपयांचे भिंगही यावर उतारा नाही. नाथसागर जलाशयाच्या नगर जिल्ह्यातील काठावर, शेवगाव-नेवाशाच्या बाजूला, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या पट्ट्यांवर रोहित पक्षी, चक्रवाक आणि पट्टकदंब दूरवर उतरतात तेव्हा सकाळच्या थंड हवेत दोनशे मीटरांवरून जे चित्र मिळते ते दुपारी शंभरावरूनही मिळत नाही.

तेव्हा आकड्याऐवजी पाहायचे काय? भिंगाच्या कडेवर दोन संख्या छापलेल्या असतात, खरे नाभीय अंतर आणि त्याचा छिद्रांक. त्यांतल्या कमाल नाभीय अंतराला त्या टोकाच्या छिद्रांकाने भागले की प्रकाश आत घेणाऱ्या मुखाचा व्यास निघतो. निकॉनच्या पी-९५० चे कमाल अंतर ३५७ मिलिमीटर आणि छिद्रांक साडेसहा. मुख पंचावन्न मिलिमीटरांचे. सोनीच्या आरएक्स-१० च्या चौथ्या आवृत्तीचे अंतर २२० आणि छिद्रांक चार. मुख पुन्हा पंचावन्नच. जाहिरातीत मात्र एक दोन हजार मिलिमीटरांचा म्हणवतो आणि दुसरा सहाशेंचा! दूरच्या पक्ष्याकडून दोघेही सारखाच प्रकाश गोळा करतात. पहिला तो लहान पट्टीवर मोठा फैलावतो, दुसरा चौपट मोठ्या पट्टीवर लहान पण स्वच्छ उमटवतो. एसएक्स-७० चे मुख अडतीस मिलिमीटरांचे आणि खिशातल्या एसएक्स-७४० चे पंचवीस. सहाशेच्या मोठ्या भिंगाचे पंच्याण्णव, म्हणजे पंचावन्नाच्या तुलनेत प्रकाश तिप्पट. हे त्याचे खरे श्रेष्ठत्व होय आणि ते मी मोकळेपणाने कबूल करतो. परंतु नगरच्या उन्हात हा तिप्पट प्रकाश ओळख पटण्यासाठी लागत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

माझ्या दृष्टीने झूमच्या आकड्याहून अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे डोळ्याला लावून पाहण्याची खिडकी, व्ह्यूफाइंडर. ज्या कॅमेऱ्याला ती नाही तो माळावर कितीही गुणी असला तरी निम्मा निकामी आहे, कारण भर उन्हात मागच्या पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसतो, पक्षी दिसत नाही. शिवाय कॅमेरा कपाळाशी टेकला की तिसरा आधार मिळून हाताचा कंप कमी होतो. याच कारणाने वर नाव घेतलेला खिशातला चाळीसपटीचा कॅमेरा मी माळासाठी सुचवणार नाही, जरी गावकुसातल्या विहिरीवर किंवा घराच्या गच्चीवर तो उत्तम काम देतो. दुसरी गोष्ट, पूर्ण झूमवर असताना पक्षी चौकटीबाहेर गेला तर एका कळीसरशी दृश्य क्षणभर रुंद करून पुन्हा तेथेच परत आणण्याची सोय. कॅनन व निकॉनच्या अशा कॅमेऱ्यांत ती आहे, आणि जिची सर्वांत कमी वाखाणणी होते अशी ही सर्वांत उपयोगी कळ होय. एक जादा बॅटरी घ्यावी. बाकी वैशिष्ट्यांची जंत्री दुकानदारापाशी ठेवावी.

उडणाऱ्या पक्ष्याबाबत मात्र मी प्रतिपक्षाला अधिक सवलत देतो. बहुतेक लहान कॅमेऱ्यांची नेम धरण्याची रीत मंद असते. पखुर्ड्यांचा थवा पाण्यावरून उठून वाऱ्यासारखा निघून जातो तेव्हा हे कॅमेरे भिंग पुढेमागे करीतच राहतात, आणि चित्रात रिकामे आकाश येते. सोनीचा वर सांगितलेला कॅमेरा याला अपवाद आहे, पण त्याची किंमतही अपवादात्मक आहे. ज्याचा सारा जीव उडत्या पक्ष्यात गुंतला आहे त्याने मोठ्या कॅमेऱ्याची वाट धरावी. पण भोवत्या, घार, कापशी हे संथ किंवा एका जागी तरंगणारे पक्षी थोड्या सरावाने लहान कॅमेऱ्यातही सापडतात, आणि पाच चित्रांतले एक जरी पंखाखालची खूण दाखवील तरी साक्ष पुरी होते.

एक मुद्दा असा आहे की ज्याविषयी मी तडजोड करणार नाही. मोठ्या भिंगावर पुष्कळ पैसा खर्च झाला की चौकट भरून पक्षी मिळवण्याची ओढ लागते, ती ओढ माणसाला पुढे ढकलते, गाडी वाट सोडून गवतात शिरते, आणि त्या गवतात चैत्र-वैशाखात माळटिटवीची, धाविकाची अंडी उघड्या जमिनीवर पडलेली असतात, ज्यांना घरटे म्हणावे असा आडोसाही नसतो. सगळेच मोठ्या भिंगाचे धनी असे वागतात असे मी म्हणत नाही, आणि लहान कॅमेरा हाती असला म्हणजे माणूस आपोआप संयमी होतो असेही नाही. पण ज्याने साक्षीपुरते चित्र हे आपले साध्य मानले, त्याला चाळीस पावलांवरून ओळख पटली की पुढे जाण्याचे कारण उरत नाही. तो तीन चित्रे घेतो, कॅमेरा खाली करतो आणि पुन्हा दुर्बीण डोळ्याला लावतो. कॅमेरा पाहणे मारून टाकतो हा जो आक्षेप जुनी मंडळी घेतात, तो साध्य बदलल्याबरोबर निराधार ठरतो.

शेवटचा आक्षेप जो मी ऐकला आहे तो असा, की हौशी माणसाच्या अशा सामान्य चित्रांना विचारतो कोण. याला उत्तर याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. १९७९ साली सोलापूर आणि नगर या दोन जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते; त्यात गावेच्या गावे आणि खासगी शेतजमिनी आल्याने लोकांची कुचंबणा झाली, ती तक्रार रास्त होती, आणि २०१२ च्या सुमारास हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणले गेले. सुमारे सात हजार चौरस किलोमीटर जमीन अभयारण्याच्या दफ्तराबाहेर गेली. रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० पासून आहे, पण ते जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरांचे. या दोहोंबाहेरच्या माळांवर, जे नांगराखाली, पवनचक्क्यांखाली आणि वृक्षारोपणाच्या खड्ड्यांखाली हळूहळू जात आहेत, कोणता पक्षी कोणत्या साली होता याची नोंद ठेवणारा त्या गावचा रहिवासीच असू शकतो. कॉर्नेल विद्यापीठाच्या ‘ई-बर्ड’ या जागतिक नोंदवहीत दुर्मीळ पक्ष्याची नोंद आली की जाणकार परीक्षक ती तपासतात, आणि चित्र सोबत असेल तर तपासणीला आधार मिळतो. तेथे चित्राची नजाकत कोणी पाहत नाही, तारीख, ठिकाण आणि ओळखीची खूण पाहतात. म्हणून कॅमेरा घेतल्याबरोबर पहिल्या दिवशी त्यातले घड्याळ व दिनांक बरोबर लावून घ्यावा, कारण बॅटरी पूर्ण उतरून बराच काळ तशीच राहिली की तो चुकू शकतो आणि चुकीच्या तारखेचे चित्र दाखला म्हणून बाद होते; गावाचे व तालुक्याचे नाव त्याच संध्याकाळी टिपून ठेवावे; आणि जेथे पक्षी अंड्यांवर बसलेला दिसेल तेथली नेमकी जागा मात्र कोणालाही सांगू नये.